बैलाचं करिअर किती वर्षांचं?

आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात मातीतला खरा रेसर म्हणजे शर्यतीचा बैल. घाटातली बारी काही सेकंदांची, पण त्यामागं वर्षानुवर्षांचा खुराक आणि सराव. ७ मे २०१४ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी दिली. मधे साडेसात वर्षं गेली. बैलाची पळायची उमर जेमतेम तेवढीच! तेव्हाचे कित्येक खोंड घाट न बघताच म्हातारे झाले. १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलाला मारणं, शॉक देणं गुन्हा आहे. ते पाळूया. पुन्हा बंदी आली, तर आणखी एका पिढीचे बैल दावणीलाच राहतील. भेटू पुढच्या भागात!