शिक्का मारण्याआधी

एखाद्या संघटनेला दहशतवादी कोण ठरवतं? अमेरिकेत १९९६च्या कायद्याने हा अधिकार परराष्ट्रमंत्र्यांना दिला. संघटना परदेशी हवी, दहशतवादाशी तिचा संबंध हवा आणि तिच्यापासून अमेरिकेला धोका हवा. संसदेतल्या नेत्यांना सात दिवस आधी कळवावं लागतं. राजपत्रात नाव आल्यावर संघटनेला ३० दिवसांत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात दाद मागता येते.

पण झळ इतरांनाही लागते. ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट या अमेरिकी संस्थेला दहशतवादी ठरवलेल्या एका कुर्द संघटनेला कायद्याच्या, शांततेच्या मार्गाने वाद सोडवायला शिकवायचं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की असं प्रशिक्षणही मदतच, म्हणजे गुन्हाच. स्वतंत्रपणे मत मांडायला मात्र आडकाठी नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहाने आणखी एक विधेयक मंजूर केलं. दहशतवादाला साहाय्य करते असं ठरवून देशातल्या संस्थेचीही करसवलत काढण्याचा अधिकार त्यात अर्थमंत्र्यांना होता.

दहशतवाद्यांची रसद तोडलीच पाहिजे. पण शिक्का मारण्याआधी पुरावा दाखवावा, संस्थेची बाजू ऐकावी आणि निवाडा निष्पक्ष न्यायाधीशाने करावा. लोकशाहीत एवढं तरी व्हायलाच हवं.