टपावरचे सामान आणि रस्त्याचा कायदा

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मे-जून महिने आले की आपल्याकडे बिऱ्हाडे हलू लागतात. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या मुलांना परगावी प्रवेश मिळालेला असतो. मोठे सामान टेंपोने जाते. पण एखादे टेबल, खाट किंवा गादी मागे उरते आणि ती स्वतःच्या मोटारीच्या टपावर चढते. हे कायद्यास धरून आहे काय, असा प्रश्न अनेकांना पडतो.

टपावरून टेबल नेऊ नये, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये 'माल' या शब्दाची व्याख्या करताना मोटारगाडीतून नेले जाणारे प्रवासी सामान आणि वैयक्तिक चीजवस्तू त्यातून वगळल्या आहेत. मोबदला घेऊन दुसऱ्याचे सामान खासगी मोटारीतून वाहणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्यासाठी परवाना लागतो.

कायद्याचा खरा कटाक्ष सामान कसे ठेवले आहे यावर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 93 नुसार सामान वाहनाच्या दोन्ही बाजूंस, पुढे किंवा मागे बाहेर येता कामा नये. उंचीचीही मर्यादा पाळली पाहिजे. मागील टोकास लाल फडके बांधले की काम भागते, ही समजूत अजूनही आढळते. पूर्वी मागे काही मर्यादेपर्यंत मुभा होती. 2014 च्या सुधारणेने ती काढून टाकण्यात आली. 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आलेल्या कलम 194(1अ) नुसार या अपराधास 20,000 रुपये दंड असून, सामान उतरविण्याचा खर्चही द्यावा लागतो. सामान नीट रचल्याशिवाय वाहन पुढे नेऊ दिले जात नाही.

हा दंड काहींना जबर वाटेल. परंतु टपावरच्या आडव्या खाटेचा पाय नेमका शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या उंचीवर येतो, याचा विचार करावा. गादीचे तर शिडच होते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी 40 किलोमीटरला निमूट बसलेली गादी 80 ला दोर तोडू पाहते. खिडकीतून हात बाहेर काढून ती धरून ठेवणारे अनेक दिसतात. वाऱ्यापुढे त्या हाताची मातब्बरी ती काय! शिवाय टपावरील वजनामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि घाटातील वळणावर ती अधिक कलते. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. टप किती वजन पेलतो, हे गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. त्या आकड्यात कॅरिअरचे वजनही धरावे लागते. सामान पक्क्या कॅरिअरवरच ठेवावे. टेबलाचे सुटणारे पाय, कपाटाचे खण व दारे आधीच काढून आत ठेवावीत. सुतळीवर विसंबू नये. रुंद पट्ट्यांनी आडवे आणि पुढे-मागे असे दोन्ही बाजूंनी आवळावे. क्रमांकाची पाटी, दिवे व चालकाची दृष्टी झाकली जाऊ नये. थोडे अंतर गेल्यावर थांबून गाठी तपासाव्यात, कारण हादऱ्यांनी पट्टे सैल होतात. आणि जी वस्तू गाडीच्या चौकटीत मावत नाही, तिच्यासाठी टेंपोच करावा. त्याचे भाडे दंडापेक्षा खचितच कमी असते.

मित्रहो, बिऱ्हाड आपले असले तरी रस्ता सर्वांचा आहे. आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचावयाचे असते. टपावरचा दोर आवळताना त्याची आठवण ठेवावी, एवढीच आपणा सर्वांना विनंती आहे.