शेळीचा शेवटचा दीड महिना
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात पावसाने दगा दिला की पहिला घाव भूमिहीनाच्या घरावर बसतो. म्हैसाळ योजनेचे पाणी अनेक शिवारांत आले. पण ज्याला शिवारच नाही, त्याच्या दारात असते ती शेळी. पोरांची फी आणि दवाखाना तिच्यावरच निघतो. बँकेत शेळ्यांचे कर्ज देताना कागदावर करडांचा हिशेब मांडलेला असतो. करडे जगली तर हप्ता फिटतो, मेली तर घर थकबाकीत जाते.

करडू मेले की आपण नजर लागली म्हणतो, उतारा टाकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला या अंधारातून बाहेर काढले. तथागतांनी कार्यकारणभाव शिकविला. तेव्हा आपण कारण शोधू या.

शेळी सुमारे १५० दिवस गाभण राहते. करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. कासही तेव्हाच तयार होते. वाढत्या गर्भामुळे पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. त्यात दिवाळीच्या सुमारास फळलेली शेळी मार्च-एप्रिलमध्ये विते, तेव्हा माळावर काडी नसते. मग ती स्वतःचे अंग झिजवते. करडे अशक्त जन्मतात, दूध उतरत नाही. पोटात जुळी असतील तर कधी शेळीच दगावते.

उपाय आपल्या आवाक्यातला आहे. शेवटचा दीड महिना चरून आल्यावर रोज पाव किलो खुराक द्यावा. मक्याचा भरडा ५ भाग, शेंगपेंड ३ भाग, तुरीची चुणी किंवा गव्हाचा कोंडा २ भाग. वर चिमूटभर मीठ व खनिज मिश्रण. सुरुवात मुठीने करून आठवड्याभरात वाढवावे, एकदम घातल्यास पोट बिघडते. बाभळीच्या वाळल्या शेंगा, शेवरी, सुबाभळीचा पाला जोडीला चालतो. व्यायल्यावरही करडे पितात तोवर खुराक तोडू नये. जास्त चारले तर करडू अडते, ही भीती माळावर चरणाऱ्या रोडक्या शेळीबाबत अनाठायी आहे.

वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूतही सोडा. रोगाशी लढण्याची ताकद करडाला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातून मिळते. पहिल्या तासाभरात चीक पाजावा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात थोडा थोडा करून २०० मिलिलिटर तरी मिळावा.

आपल्याच तालुक्यात रांजणीला शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. तेथे जा, विचारा. संकोच करू नका, ते आपलेही आहे.

एका शेळीला पंचेचाळीस दिवसांत सव्वाअकरा किलो खुराक लागतो. एकटीला जड वाटेल, पण दहा घरांनी मिळून पेंड घेतली तर झेपेल. आज घरी गेल्यावर शेळी फळल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. साडेतीन महिने मोजा आणि त्या दिवसापासून खुराक सुरू करा. एवढी विनंती करून मी थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!