अंतराळातले मोड



२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांचे यान झेपावले, तेव्हा आपल्या औराद भागात मुगाच्या पेरणीचे दिवस होते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर नव्वद मिनिटांना पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या सामानात मूग आणि मेथीचे बी होते. प्रयोग आपल्याच राज्यातल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा. वजनरहित अवस्थेत बी कसे रुजते, हे पाहायचे होते. बशीत मोड आले. ते पुढील तपासणीसाठी फ्रीझरमध्ये ठेवले.

ही हकीकत वर्गात सांगताना मी ‘बीजांकुरण’ म्हणालो. मुले गप्प. मग एकीने भीत भीत विचारले, “म्हणजे मोड येणं का, सर?”

त्या भिण्याचे मला वाईट वाटले. सीमाभागातली मुले कन्नड शिकतात, विज्ञान इंग्रजीतून वाचतात आणि घरची मराठी शास्त्राला पुरत नाही, असे धरून चालतात. परिभाषा हवीच, पण लेखक-शिक्षकांना माझी विनंती आहे, आधी ‘मोड’ लिहा, मग ‘बीजांकुरण’. तो शब्द त्या मुलीने घरूनच आणला होता.