ऊसतोड कामगारांची मुले आणि आपण ऊस उत्पादक



लागण, खोडवा व्यवस्थापन, ठिबक आणि हुमणी या विषयांवर आपण तज्ज्ञांचे विचार ऐकलेच. माझा विषय तोडणीचा आहे. पण तोडणी यंत्राचा नाही आणि साखर उताऱ्याचाही नाही. हंगामभर आपल्या फडाच्या बांधावर जी लहान मुले राहतात, त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे. कृषिविद्या शिकविणाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. उसाच्या खर्चाचे पत्रक मांडताना आपण मशागत, बेणे, खते, पाणी, तोडणी व वाहतूक असे सर्व रकाने धरतो. या मुलांचा रकाना मात्र त्यात नसतो, म्हणून.

मुले फडावर का येतात?

बीड, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगाव भाग, जालना, परभणी या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. खरीप हाती लागतो, पण रब्बीला पाणी नसते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघेही निघाल्यावर घरी उरतात म्हातारी माणसे, तीही सर्वच घरांत नसतात. मग मूल कोणाजवळ ठेवायचे? ते कोपीवरच येते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हा गाळपाचा काळ. शाळेचे वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलला संपते. म्हणजे वर्षातला मोठा भाग मूल शाळेबाहेर जाते. असे दोन-तीन हंगाम गेले की मागे पडलेले मूल पुन्हा वर्गात बसत नाही. आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. पुढे तिला एकटी मागे ठेवण्याची भीती वाटते, आणि अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच लग्न उरकले जाते. नवी जोडी म्हणजे नवा कोयता. अशा रीतीने एक पिढी दुसऱ्या पिढीच्या हातात कोयताच देते.

नांग्या वेळेवर भराव्या लागतात

उसात नांग्या महिना-दीड महिन्याच्या आत भराव्या लागतात, हे आपणास माहीत आहे. उशिरा लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत सापडते आणि त्याला धड कांडी येत नाही. मुलाच्या वाढीचेही तसेच आहे. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचे सुमारे 1000 दिवस मेंदूच्या व शरीराच्या वाढीसाठी सर्वांत महत्त्वाचे असतात. या काळात आहार कमी पडला, वारंवार जुलाब झाले, तर नंतर कितीही खाऊ घातले तरी तूट पुरती भरून निघत नाही. गोवर-रुबेलाची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. मूल त्या वेळी फडावर असले तर ती हमखास चुकते.

आजवर काय झाले?

या प्रश्नावर काहीच झाले नाही असे नाही. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी शांतिवन उभे केले. तेथे अशी मुले राहून शिकतात. पालक हंगामाला गेले तरी मूल गावातच राहावे, यासाठी हंगामी वसतिगृहांचा उपाय पुढे आला. 2021 मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली.

कायद्याचाही आधार आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा असून तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयोगटातील मूल वर्षाच्या मध्येच आले, किंवा त्याच्याकडे दाखला नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. परंतु पहाटे चारला फडात जाणारे आई-बाप मुख्याध्यापकांकडे केव्हा जाणार? इथेच आपली गरज आहे.

आपण काय करू शकतो?

1. टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुलांची यादी करा. सहा वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रियांची नावे अंगणवाडी सेविका व आशाताईंना, आणि त्यावरील मुलांची नावे मुख्याध्यापकांना द्या. लसीकरण कोणत्याही गावात मोफत होते. त्यासाठी मूल त्याच गावचे असावे लागत नाही.

2. कोप्यांसाठी जागा देताना विहीर, कालवा, विजेच्या तारा आणि ट्रॅक्टर वळण्याची जागा टाळा.

3. पिण्यासाठी स्वच्छ पाण्याची सोय करा. कीटकनाशकाचे व तणनाशकाचे रिकामे डबे पाण्यासाठी कधीही देऊ नका. कितीही धुतले तरी ते सुरक्षित होत नाहीत.

4. तान्ही मुले सरीत किंवा ट्रॉलीच्या सावलीत झोपवू देऊ नका. बांधावरच्या झाडाखाली झोळी बांधून द्या आणि ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी एकदा मागे पाहा.

5. मोळ्या बांधणे, वाढे गोळा करणे ही कामे मुलांकडून करून घेऊ नका. 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे.

6. कोप्यांजवळ गुंठाभर मेथी, शेपू, पालक टाका. मेथी 25 ते 30 दिवसांत खुडणीस येते. शेवग्याचा पालाही भाजीला चांगला. आठवड्याला चार जुड्या भाजी दिल्याने आपले काही कमी होत नाही.

7. शिधापत्रिका आधारशी जोडलेली असल्यास दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मिळते, ही माहिती त्यांना द्या.

"मजूर मुकादमाचे, करार कारखान्याचा, आमचा काय संबंध?" असे काही बंधू म्हणतील. पण तोडणीच्या वेळी आपण खुशाली देतोच ना? ती देताना संबंध असतो, मग मुलांच्या वेळीच तो का तुटावा? शिवाय आपल्यापैकी बहुतेक जण कारखान्याचे सभासद आहेत. सर्वसाधारण सभेत आपण दर, काटा आणि तोडणी कार्यक्रमाबद्दल विचारतो. त्याच सभेत उठून विचारा: गाडीतळावर मुले किती आहेत? पाळणाघर आहे का? शाळेत किती मुले जातात? मालकाने प्रश्न विचारल्याशिवाय व्यवस्था हलत नाही, आणि सहकारी कारखान्यात मालक आपणच आहोत.

जिथून टोळ्या जातात त्या गावांतील बंधूंना एवढेच सांगतो, की हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गाड्या निघाल्यावर नव्हे, तर पोळ्याच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. आजीजवळ राहणाऱ्या मुलीकडे शेजाऱ्यांनी लक्ष द्यावे. संकटातील मुलासाठी 1098 हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

तोडणी यंत्रे वाढत आहेत, हे खरे. उद्या कोयता कदाचित राहणार नाही. त्या दिवशी कोयत्याखेरीज दुसरे काहीच येत नसलेली मुले कुठे जातील, याचा विचार आजच करावयास हवा. यंदाचा ऊस तोडून गेला तरी त्याचा खोडवा राहतो. मुलाचे हुकलेले वर्ष मात्र परत फुटत नाही. तेव्हा येत्या हंगामात मुलांच्या यादीपासून सुरुवात करा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.