पासोडीच्या गावी आपले स्वागत

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून जुनी पुस्तके कापडात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आलेले संग्राहक बंधू-भगिनी आणि अंबाजोगाईकर रसिकहो,

जुन्या छापील मराठी ग्रंथांच्या संग्राहकांचे संमेलन आमच्या गावात भरते आहे, याचा मला अतोनात आनंद आहे. स्वागताध्यक्ष म्हणून मला का उभे केले, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. माझी सारी हयात मोंढ्यात, आडतीच्या गादीवर गेली. पहिली आवृत्ती कोणती नि दुसरी कोणती, हे मला विचाराल तर मी चिटणीसांकडे बोट दाखवीन. पण अंबाजोगाईविषयी विचाराल तर पंगत खोळंबेल. चिटणीसांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि ते समोरच घड्याळ काढून बसले आहेत. त्यांच्याकडे आपण लक्ष देऊ नये.

आमची आई योगेश्वरी मूळची कोकणची, अशी आख्यायिका आहे. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, इथवर आले आणि मुहूर्त टळला. वऱ्हाड दगडाचे झाले आणि देवी इथेच राहिली. डोंगर कोरून केलेल्या हत्तीखान्यात जे दगडी हत्ती उभे आहेत, ते त्याच वऱ्हाडातले, असे आमच्याकडे सांगतात. तेव्हा आजचा कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला म्हणून रागावू नये. या गावात मुहूर्त टळण्याची रीत थेट देवीपासून चालत आली आहे.

कोकणस्थांची ही कुलस्वामिनी. त्यामुळे पुण्या-मुंबईचा माणूस आम्हाला परका नाही. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे देऊळ इथे आहे, बाराखांबी आहे, दगडात कोरलेले लेख आहेत. निजामाच्या राज्यात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. ही गोष्ट आपल्या कामाची आहे. एखाद्या जुन्या पुस्तकावर ‘मोमिनाबाद’ असा शिक्का दिसला, तर ते पुस्तक आमच्या गावात कोणीतरी वाचलेले आहे असे समजावे आणि आम्हाला जरूर कळवावे. याच मोमिनाबादेत योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून स्वामी रामानंद तीर्थांनी काम केले आणि १९३८ साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढे १९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरले. त्या संमेलनाच्या मांडवाच्या, पाण्याच्या आणि जेवणाच्या गोष्टी गावात आजही निघतात. तेव्हा आमची परीक्षा कुणाशी तुलना करून होणार आहे, हे मी जाणून आहे.

आद्यकवी मुकुंदराज आमचे. शके १११० मधला ‘विवेकसिंधु’ त्यांचा, आणि समाधी इथे बालाघाटाच्या कड्याशी, दरीच्या तोंडावर. नागपूरकडची मंडळी म्हणतात, मुकुंदराज वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे. त्या भागातले प्रतिनिधीही आज समोर बसले आहेत. ते आमचे पाहुणे आहेत आणि पाहुण्यांशी वाद घालू नये, असे घरचे वळण आहे. एवढेच सांगतो की समाधी पाहून या, मग बोलू.

पण खरे बोलायचे आहे ते दासोपंतांविषयी. मुकुंदराजांचे नाव शाळेच्या पुस्तकात तरी येते. दासोपंतांचे नाव घेतले की बाहेरगावचा माणूस ‘कोण?’ म्हणून विचारतो आणि माझे जेवणावरचे मन उडते. एकनाथांचा हा समकालीन. जन्म १५५१चा, बिदरकडच्या नारायणपेठेचा. दत्तभक्तीत बुडालेला हा माणूस अंबाजोगाईत येऊन राहिला आणि १६१५ साली इथेच त्याने देह ठेवला. मधल्या काळात त्याने केले काय? लिहिले! रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असे आमचे जुने लोक सांगत. हिशेबाचा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. कवीचे मोठेपण शाईच्या खर्चावरून मोजणारे गाव दुसरे नसेल. गीतेवरच्या त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या परंपरा सव्वा लाख सांगते.

आणि पासोडी! थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे सुती पांघरूण, त्याला आपण पासोडी म्हणतो. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. कागदावर लिहिणारे पुष्कळ झाले, पण पांघरुणावर वेदान्त लिहिणारा आमचाच. कापडावर बोरूने लिहून पाहा. शाई फुटते, धाग्याला बोरू अडतो, ओळ वर-खाली जाते. इथे तर ओळीखाली ओळ चालली आहे, आणि चारशे वर्षांनंतरही अक्षर लागते. ती पासोडी आमच्या गावाने सांभाळली. दासोपंतांचे थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही ठिकाणे इथून पायी जाण्याजोगी आहेत. नृसिंहतीर्थावर त्यांची समाधी आहे. आपण आल्यासारखे दर्शन घेऊनच जावे. चिटणीस खुणा करताहेत, पण दासोपंत दोन वाक्यांत आटोपणे मला जमणार नाही.

आता कोणी म्हणेल, स्वागताध्यक्ष पासोडी घेऊन बसले, संमेलन तर छापील पुस्तकांचे. संबंध आहे, सज्जनहो. पासोडी एकच. तिची दुसरी आवृत्ती निघत नाही. ज्यांना देवघरापर्यंत येणे जमत नाही, त्यांच्यासाठी न. शे. पोहनेरकरांनी तिचे संपादन करून तिला छापील पुस्तकात आणले, म्हणून ती वाचता तरी येते. आणि याहून मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. बीडजवळच्या पाटांगणाला इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करण्यापूर्वीचा पाठ तिच्यात आहे, असे त्यांचे मत होते. त्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. त्या मतावर पंडितांनी पुढे पुष्कळ वाद घातले. पण पोथी आज कुठे आहे? नाही. उरली आहे ती छापील प्रत. मूळ गेले की छापील पान हेच मूळ होते. म्हणून कपाटातल्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकाला आपण जे जपता, ते काम आमच्या देवघराच्या कामाहून कमी नाही. मला आज सांगायचे होते ते एवढेच. बाकीचे गावाच्या प्रेमापोटी झाले.

आपल्या विषयावर चार शब्द बोलावेत म्हणून मी चिटणीसांकडे शिकवणी लावली. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेस घालून १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. १८४५ची बाळशास्त्री जांभेकरांची ज्ञानेश्वरी शिळेवरच छापलेली. पुढे जावजी दादाजींनी १८६४ साली टाईपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. चिटणीसांनी मला दोन पाने हातात दिली आणि डोळे मिटायला सांगितले. शिळाप्रेसच्या पानाची पाठ सपाट लागते. खिळ्याच्या छपाईची पाठ बोटाला किंचित उंच लागते, कारण खिळा कागदात रुततो. मला ते लगेच कळले. ज्वारीचे दाणे मुठीत धरून भाव सांगणाऱ्या माणसाला बोटांची भाषा शिकवावी लागत नाही.

मग त्यांनी पोथीचे शेवटचे पान दाखवले. शक, महिना, तिथी, छापखान्याचे नाव, सारे त्या पानावर. पोथ्यांचे पहिले आणि शेवटचे पान हाताळून सर्वांत आधी जाते, आणि ओळख पटवायला नेमकी तीच पाने लागतात. छापील पुस्तकांत १८६७च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे नोंदल्याची ओळ असली, तर पुस्तक त्याआधीचे नाही, हे माझ्यासारख्यालाही उमगते. शंकर गणेश दाते यांनी १९४३ साली ‘मराठी ग्रंथसूची’ काढून हे सारे एका जागी मांडले. माझी एक विनंती आहे. ‘विवेकसिंधु’ आणि दासोपंतांच्या ग्रंथांच्या जुन्या छापील प्रती आपल्यापैकी कोणाकडे असतील, तर त्यांच्या पहिल्या व शेवटच्या पानांची छायाचित्रे आम्हाला द्यावीत. आमच्या कवींची पुस्तके कुठे, कधी, कोणी छापली याची यादी निदान आमच्या गावात तरी असली पाहिजे.

आता माफीचा भाग. अंबाजोगाईला रेल्वे नाही. परळीला किंवा घाटनांदूरला उतरून आपल्याला गाडीने यावे लागले. रात्री उतरलेल्यांना स्टेशनावर ताटकळावे लागले, त्यांची विशेष क्षमा मागतो. निवासाची सोय भक्तनिवास, लॉज आणि गावकऱ्यांची घरे अशी विभागून आहे. कोणाच्या वाट्याला गच्चीवरची खोली आली असेल, कोणाच्या खोलीत घोरणारे सोबती आले असतील. पाणी धनेगावच्या धरणाचे आहे, ठरल्या दिवशीच येते, म्हणून टँकर सांगून ठेवला आहे. अंघोळीच्या गरम पाण्यासाठी पहाटे रांग लागेल, ती आपण ग्रंथप्रेमींच्या शांतपणाने लावावी. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंत वक्त्यांनी मोठ्याने बोलावे. प्रदर्शनाच्या दालनात चहाचा कप नेऊ नये आणि पानाची पुडी तर मुळीच नेऊ नये. जेवणात ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे आहेत. गोडाचा पदार्थ कोणता असावा यावर भोजन समितीत दोन तट पडले, म्हणून दोन केले आहेत. दोन्ही घ्यावेत, म्हणजे समिती एकत्र राहील.

ऋणनिर्देश करू लागलो तर संध्याकाळ होईल, तरी करतो. मोंढ्यातल्या माझ्या आडत्या बंधूंनी धान्य आणि तेल दिले, आणि भाव विचारू नका म्हणून बजावले. हमाल बांधवांनी खुर्च्या आणि काचेची कपाटे उचलून दिली, मजुरी घेतली नाही. ज्या शाळेच्या आवारात आपण बसलो आहोत, तिच्या शिक्षकांनी सुटीचे दिवस दिले. मुलामुलींनी रांगोळ्या काढल्या. देवघराच्या मंडळींनी पाहुण्यांसाठी दारे उघडी ठेवली. देणगीदारांत काहींनी नाव घेऊ नका असे सांगितले, काहींनी घ्याच असे सांगितले. दोघांचीही नावे बाहेर फळ्यावर आहेत, पहिल्यांची फक्त आद्याक्षरे आहेत. बचतगटाच्या भगिनी कालपासून भाकऱ्या थापताहेत, त्यांना मी वाकून नमस्कार करतो. आणि चिटणीसांचे आभार मानले नाहीत तर उद्या मला पेढीवर बसणे अवघड होईल.

गाव लहान आहे, व्यवस्थेत उणीव राहणार, पण अगत्यात राहणार नाही. संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो आणि आई योगेश्वरीच्या, आद्यकवी मुकुंदराजांच्या व सर्वज्ञ दासोपंतांच्या या नगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.