सोरायसिस, गोळ्या आणि झाडपाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी आजाराचा विषय कशाला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. पण हा आजार आपल्या समारंभांतच आड येतो. संक्रांतीचे हळदीकुंकू ऐन थंडीत येते आणि नाशिकची कोरडी थंडी म्हणजे सोरायसिसने उचल खाण्याचा काळ. कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात लाल चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खपल्या धरतात. अशी भगिनी हळद लावून घ्यायला हात पुढे करीत नाही; केलाच, तर लावणारीचा हात आखडतो. पुढच्या वर्षी ती येतच नाही. मी डॉक्टर नव्हे; पंचवटीतल्या एका औषधांच्या दुकानात बावीस वर्षे काम केले, त्या अनुभवावर आणि वाचनावर बोलते आहे.

पहिली गोष्ट ही की, हा विकार स्पर्शाने होत नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, मूल कडेवर घेतल्याने तो कोणाला लागत नाही. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या त्वचेला चेतवते. जी त्वचा नवी व्हायला सुमारे महिना लागतो, ती थोड्याच दिवसांत वर रेटली जाते. जुनी गळण्याआधी नवी येते आणि थर साचतात. दाह आतला असतो, म्हणून दगडाने घासून तो जात नाही. उलट खरचटल्या जागी नवा चट्टा उठतो. परकराची नाडी जिथे काचते, तिथे कमरेवर चट्टे येतात ते याच कारणाने. प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते, पण आईला आहे म्हणून मुलीला होईलच असे नाही.

भीती मात्र जुनी आहे. आपल्या वैद्यकग्रंथांत त्वचेच्या कितीतरी विकारांना मिळून ‘कुष्ठ’ हा एकच शब्द होता. युरोपातही हा विकार महारोगात गणला जाई. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली तो स्पष्टपणे वेगळा केला. महारोगाच्या चट्ट्यावरची जाणीव जाते, सोरायसिसच्या चट्ट्याला बहुधा खाज सुटते. आणि महारोगही आज औषधाने बरा होतो, तेव्हा त्या नावानेसुद्धा कोणाला दूर लोटण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. ज्यांना ही प्रवृत्ती आहे, त्यांचा विकार काही गोळ्यांनी उसळतो. मनाच्या विकारावरील लिथियम, रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे, हिवतापावरील क्लोरोक्विन आणि सांधेदुखीवर देतात ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ही त्यांतली प्रमुख. परिणाम कधी काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी दिसतो, म्हणून गोळीचा आणि चट्ट्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. मात्र हे ऐकून घरी जाऊन गोळ्या बंद करू नका! हृदयाची गोळी एकाएकी थांबवली तर जिवावर बेतू शकते. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. बदल काय करायचा ते त्यांना ठरवू द्या.

स्टेरॉइडचे प्रकरण आणखी नाजूक. पोटातून घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबले की विकार दुप्पट जोराने उलटतो; कधी अंगभर पुवाच्या पुळ्या येतात. आता विचार करा, नाव नसलेली, चार दिवसांत गुण देणारी ‘जडीबुटीची’ पुडी! अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. पुडी संपते आणि बाई रुग्णालयात पोचते. दुकानात ‘मागच्या वेळची ट्यूब द्या’ म्हणणाऱ्याही पुष्कळ येत. ट्यूबमधले तीव्र स्टेरॉइड महिनोन्‌महिने चोळल्याने कातडी पातळ होते.

मग झाडपाल्यात काहीच नाही का? आहे, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडात एक पिवळसर पूड साचते. पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात आली आणि गजकर्णावर वापरली जाऊ लागली. जगात तिचे नावच ‘गोवा पावडर’ पडले. १८७६ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर बालमॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवर गुणकारी आढळली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिच्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल हे औषध तयार झाले. ते आजही वापरले जाते. पण तेच औषध निरोगी कातडीला लागले तर भाजते, डोळ्यांत गेले तर इजा करते, कपड्यांवर न जाणारे डाग पाडते. गुण खरा, म्हणूनच मात्रेचे बंधनही खरे.

बावचीचे तसेच. तिच्यातले सोरॅलेन आणि विशिष्ट प्रकाश यांचा मेळ घालून १९७० नंतरच्या दशकात उपचाराची एक पद्धत निघाली. पण घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसल्यास मोठाले फोड येतात. निळीपासूनच्या मलमाचा गुण तैवानमधील चाचण्यांत दिसला. ती पोटात घेणे मात्र धोक्याचे. हळदीत दाह कमी करणारे द्रव्य आहे, पण ते पोटातून अंगी फार थोडे लागते. तिला मुख्य उपचाराची जोड म्हणावे, जागा नव्हे. आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल किंवा साधे व्हॅसलिन लावणे, हा स्वस्त उपाय मात्र निर्धास्त करावा.

घसा दुखून अंगभर बारीक ठिपके उठले, किंवा सकाळी बोटांचे सांधे आखडू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका. सांधे एकदा झिजले की परत येत नाहीत. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर गर्भधारणा टाळावी लागते, हे लग्नाच्या मुलींना आधीच सांगा. विकार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो, आणि आवरलेल्या विकारानिशी संसार, नोकरी, बाळंतपण सारे होते.

येत्या शनिवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना आपल्या गोळ्यांची यादी करायची असेल त्यांनी पाकिटे घेऊन यावे. वाचता येत नसेल तर मी लिहून देईन.